वाफवाले गुरुजी

आमच्या गुरुजींच्या हातात पाण्याचा गिलास दिला की ते लगेच पीत नसत. गिलासात बघायचे, देणाऱ्याकडं बघायचे आणि विचारायचे, "आलं कुठून?"

लग्नाच्या पंगतीत वाढप्याला विचारलं. आष्टीच्या बाजारात रसवंतीवाल्याला विचारलं. एकदा गावात मयत झाली. माती देऊन आलेल्या माणसांच्या पायावर पाणी घालून राह्यले होते, सगळे खाली मान घालून उभे, आणि गुरुजींनी हळूच विचारलं, "हे आलं कुठून?" मयताचा भाऊ म्हणला, "गुर्जी, आज राहू द्या." गुरुजी म्हणले, "राहू देतो. उद्या सांगा." आणि दुसऱ्या दिवशी खरंच विचारायला गेले.

माणूस सांगायचा, हापशाचं. नाहीतर टँकरचं. गुरुजी मान हलवायचे. "बराबर. पण अर्धं." एवढं बोलून पाणी पिऊन टाकायचे. राहिलेलं अर्धं काय, ते काही सांगत नसत. समोरचा माणूस मात्र दिवसभर डोकं खाजवत बसायचा.

आमचं गाव परतूर तालुक्यात, आष्टीच्या अंगाला. शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. दोन खोल्या, एक ओटा, एक लिंबाचं झाड. मी स्वतः तिथंच शिकलो, तिसरीपर्यंत. तिसरी काही वाईट नसते. मला लिहिता येतं, वाचता येतं, सही येते, आणि चूक माझी असली तरी मान खाली घालायची सवय मला कोणी लावलेली नाही. पोरगा ट्रकवर, महिना महिना बाहेर. म्हणून नातीचा पालक मी, आणि पालक म्हणून शाळेच्या समितीचा अध्यक्षही मीच. गुरुजी मला नावानं नाही, 'अध्यक्ष' म्हणूनच हाक मारायचे. चेष्टा करून राह्यले का मान देऊन राह्यले, ते त्यांच्या तोंडावरून कधी कळलं नाही.

बाकीचे मास्तर मोटारसायकलवर येऊन जायचे. हे गावात राहिले. आमच्या गोठ्याशेजारची खोली घेतली. बायको जुन्या जालन्यात, तिच्या माहेरच्या गल्लीत. रविवारी जायचे, सोमवारी शाळेच्या आधी हजर. सामान म्हणजे एक सायकल, एक ट्रंक, आणि रंगाचे डबे.

पहिल्याच महिन्यात पोरं आमच्या दारात आली. "आबा, गुर्जींनी गोधडी मागितली."

"थंडी वाजून राह्यली का त्यांना?"

"न्हाई, गणित हाय."

मी गोधडी दिली. अध्यक्षानं नाही म्हणायचं कसं? गुरुजींनी ती आपल्या आंघोळीच्या पाण्यात भिजवली, किराणा दुकानातल्या तागडीत टाकून तोलली, ओट्यावर वाळत घातली आणि दुपारी परत तोलली. वजन उतरलं साडेतीन किलोनं. "हे साडेतीन किलो गेलं कुठं?" त्यांनी विचारलं. एका पोरानं गोधडी उचलून खाली बघितलं. बाकीच्यांनी वर बघितलं. आमची म्हातारी दुकानापर्यंत आल्ती. ती म्हणली, "गुर्जी, तोलायचीच होती तर साबण लावून तोलायची."

तेव्हापासून गावानं त्यांचं नाव वाफवाले गुरुजी पाडलं.

कारण गोधडीवर ते थांबले नाहीत. गणितात पाणी, भूगोलात पाणी. भूगोलाला पोरांना ओढ्यात नेलं. ओढा कोरडा ठणठणीत. तरी त्यातून चालवत नेलं आणि सांगितलं, हा दुधनेला जातो, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, गोदावरी पार राजमहेंद्रीच्या पुढं समुद्राला. पोरं घरी येऊन म्हणली, आम्ही आज समुद्राच्या रस्त्यानं गेल्तो. इंग्रजीलाही तेच. साक्षी, माझी नात, ओट्यावर बसून पाठ करायची, "इव्हॅपोरेशन, कन्डेन्सेशन." नावं इतकी दणकट की आमच्या खोंडाला एखादं ठेवावं असं मला वाटून गेलं.

कवायतीला पोरं वाफ व्हायची. गुरुजी शिट्टी वाजवायचे. पहिल्या शिट्टीला पोरं मैदानात आडवी, म्हणजे समुद्र. दुसरीला हात वर करून ओट्यावर चढायचं. तिसरीला गार लागून एकमेकांना चिकटायचं, म्हणजे ढग. चौथीला खाली उड्या. एकदा एक दुसरीतलं पोरगं उडीच मारेना. गुरुजी म्हणले, "अरे, पाऊस पडला, उतर." ते म्हणलं, "आपल्या गावात न्हाई पडत गुर्जी. मी पुढं चाललो."

गुरुजी हसले नाहीत. म्हणले, "बराबर."

मराठीत निबंध दिला, 'पाणी आमच्या घरी कसं येतं'. सरपंचाच्या पुतण्यानं दोन पानं लिहिली. त्यात समुद्र, सूर्य, ढग, धरण, टँकर, सगळं. त्याला लाल शाईत शेरा मिळाला, 'बराबर. पण अर्धं.' साक्षीनं दोनच शब्द लिहिले होते, 'आई आणते.' तिला दहापैकी दहा. सरपंचाचा भाऊ भांडायला आला. दोन पानांना पाच आन् दोन शब्दांना दहा, हा कोणता हिशोब म्हणून. गुरुजी म्हणले, "तुमच्या पोराचं पाणी विहिरीपर्यंत आलं. हिचं घरात आलं."

इथपर्यंत ठीक होतं. मग इतिहास आला.

इतिहासात त्यांनी पोरांना म्हाताऱ्यांकडं धाडलं. गावची विहीर कोणी खोदली, दगड कोणी वाहिले, पाणी पहिले कोणी शेंदायचं, हे विचारून या म्हणले. विहीर माझ्या आज्यानं पुढाकार घेऊन खोदलेली. मी छाती फुगवून सांगायला बसलो. साक्षीनं सगळं वहीत लिहिलं आणि वर मान करून विचारलं, "आबा, मंग लांब उभं राहायला कोणाला लावायचे? त्यांना वरून ओतून कोण द्यायचं?"

मी म्हणलो, "हे तुला कोणी शिकवलं?"

"शिकवलं न्हाई. विचारायला सांगितलं."

मी उठून गोठ्यात गेलो. जे होतं ते होतं, पण आपल्या नातीच्या तोंडून ऐकायला ते जड जातं. त्या दिवसापासून गुरुजी माझ्या डोळ्यात सलायला लागले.

शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर त्यांनी जलचक्र काढलं होतं. चित्रकला त्यांची यथातथाच. सूर्याचं तोंड आमच्या पोस्टमनसारखं, समुद्र हिरवा, ढग मेंढरासारखे. खाली एक विहीर, आणि विहिरीपासून चांगली लांब, सपाट जमिनीवर, डोक्यावर घागर घेतलेली एक पोरगी. दोन वेण्या, शाळेचा फ्रॉक, एक हात वर घागरीला. पाठ विहिरीकडं, तोंड घराकडं. केंद्रप्रमुख साहेब आले तेव्हा म्हणले होते, "पुस्तकात ही पोरगी न्हाई." गुरुजी म्हणले, "पुस्तकात अर्धंच आहे साहेब." साहेबांनी पुढं काही विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं, साहेब ढिला आहे.

दर जूनला गुरुजी भिंत नवी रंगवायचे. सूर्य तोच, समुद्र तोच, पोरगी मात्र दरवर्षी चार बोटं वाढायची. पोरं तिला ताई म्हणायची. तिसऱ्या वर्षी फ्रॉक जाऊन सलवार आली. चौथ्या वर्षी तिला जागा करायला गुरुजींनी एक डोंगर पुसला. मी म्हणलो, "गुरुजी, माप चुकून राह्यलं तुमचं. ही पोरगी ढगाला टेकंल." ते म्हणले, "टेकू द्या, अध्यक्ष."

आणखी एक. शाळेत त्यांच्याकडं छडी नव्हती. छडी होती ती विहिरीवर. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो आणि पाणी विहिरीत सोडतो. मग सगळं गाव पोहरे टाकून शेंदतं. जल्दी करावी लागते, नाहीतर खाली चिखल हाती लागतो. काठावर रेटारेटी, दगड ओले. टँकरचा आवाज आला की गुरुजी शाळेला कुलूप लावून, हातात लिंबाची छडी घेऊन विहिरीवर उभे. "पोरं मागं. पोरं मागं." बायांची भांडी चालायची, पण परकर-फ्रॉकातली पोरगी दिसली की तिचा पोहरा हिसकायचे, स्वतः शेंदून द्यायचे. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. स्वतःच्या दोन घागरीही तेच न्यायचे, खांद्यावर. एवढी पोरं हाताखाली असून मास्तर पाणी वाहतो, हे गावानं कधी बघितलं नव्हतं. मी तिसरीत असताना तेव्हाच्या गुरुजींची घागर भरायला आमच्यात मारामाऱ्या व्हायच्या. ज्याला घागर मिळाली तो त्या दिवशीचा राजा.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगायचीच नव्हती, पण तिच्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही.

आमच्या घरात कोणी आलं की पाणी साक्षी आणते. चौथीत गेल्यापासून तो मान तिनं स्वतःकडं घेतलेला. त्यानंतर गुरुजी पहिल्यांदा बैठकीत आले. साक्षीनं ताटलीत गिलास आणला. गुरुजींनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. "नको बेटा. तहान न्हाई." मग सुनेनं चहा आणला, तो प्यायले. चहात काय दूध एकटंच असतं?

दसऱ्याला परत तेच. संक्रांतीला परत तेच. टँकरवाल्याच्या बाटलीतून पाणी पिताना मी त्यांना डोळ्यांनी बघितलं होतं. हापशावर कोणाही बाईच्या तांब्यातून प्यायचे. फक्त माझ्या घरचं पाणी चालत नव्हतं. आमच्याकडं घरी येऊन पाणी नाकारणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. आणि माझ्या डोक्यात ती इतिहासाची वही होती. मी समजलो, हा माणूस माझ्या आज्याचा बदला माझ्यावर काढून राह्यला. आमच्या विहिरीवर ज्यांना लांब उभं केलं, त्यांच्या वतीनं मला धडा शिकवतोय. तोही माझ्या नातीच्या हातून.

मार्चमध्ये पालकसभा झाली. गुरुजी तासभर बोलले, घसा बसला. मी साक्षीला खुणावलं. ती वर्गातल्या माठातून गिलास भरून घेऊन आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. मी सगळ्यांदेखत म्हणलो, "घ्या गुरुजी. घसा बसला तुमचा."

गुरुजी एक पाऊल मागं सरले. "साक्षी, गिलास ठेव बेटा. जा, बस."

"न्हाई," मी म्हणलो. "साक्षे, हालू नको. गुरुजी, टँकरवाल्याचं चालतं, हिच्या हातचं का न्हाई?"

"पाणी चांगलं आहे, अध्यक्ष."

"मंग प्या."

"मी पीत न्हाई. एवढंच."

"का?"

गुरुजी चप्पल पायात सरकवून बाहेर निघून गेले. पोरगी गिलास धरून तशीच उभी. गिलास कलला, पाणी तिच्या पायावर सांडलं. घरी येताना तिनं विचारलं, "आबा, माझे हात घाण हायेत का?"

त्या दुपारी मी अर्ज लिहिला. स्वतःच्या अक्षरात, कोणाला न विचारता. 'सदर गुरुजी शाळेत पाण्याशिवाय दुसरं काही शिकवत नाहीत, आणि लेकराच्या हातचं पाणी पीत नाहीत. तरी बदली करावी.' खाली सही, त्याखाली अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी परतूरला जाऊन कचेरीच्या खिडकीत दिला, नकलेवर शिक्का घेतला. येताना वाटलं, केंद्रप्रमुख साहेबांनाही नक्कल दाखवावी. ढिल्या माणसाला समजलं पाहिजे की अध्यक्ष काय चीज आहे. म्हणून आष्टीला उतरलो.

साहेबांनी नक्कल वाचली. चष्मा काढला. "बाबा, हे पहिले मला दाखवायला पाहिजे होतं."

"तुम्ही काय केलं असतं?"

"फाडून टाकलं असतं."

मी उठायला लागलो. त्यांनी हात धरून बसवलं. मग जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दात लिहितो.

"तुमच्या गावाच्या आधी ते दुसऱ्या तालुक्यात होते. असाच उन्हाळा, असाच टँकर विहिरीत ओतायचे. हे चौथीला शिकवून राह्यले होते. धडा कोणता, तर जलचक्र. बोलून बोलून घसा वाळला. माठ रिकामा. पुढच्या रांगेतल्या पोरीला म्हणले, जा बेटा, माझ्यासाठी घागर भरून आण. सगळेच मास्तर सांगायचे बाबा. मीपण पोरांकडून आणवलंय. ती उड्या मारत गेली. यांनी फळ्यावर समुद्र काढला, सूर्य काढला, ढग काढला. पोरगी आली न्हाई. मंग बाहेर आरडाओरड ऐकू आली."

साहेबांनी नकलेची घडी घालून माझ्यापुढं सरकवली.

"कागदावर आलं, पाय घसरून. घागर कोणासाठी होती ते कोणी लिहिलं न्हाई. गुरुजींनी स्वतः लिहून दिलं, माझ्यासाठी होती म्हणून. ते कोणी घेतलं न्हाई. पोरीच्या बापानंसुद्धा न्हाई. तो म्हणला, गुरुजींचा काय दोष, त्यांना तहान लागली. तेव्हापासून हा माणूस लेकराच्या हातचं पाणी पीत न्हाई. पुढाऱ्याचं असो, साहेबाचं असो, कोणाच्याच लेकराच्या हातचं न्हाई."

पोरीचं नाव त्यांनी सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही. तिचे आई-बाप आहेत.

मी जीपमध्ये बसून परत आलो. खाली उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मला माफी मागता येत नाही. सत्तर वर्षांत कधी मागितली नाही, आता सुरू करायला वय नाही. मी घरी गेलो, घागर उचलली. सून म्हणली, "मामा, मी आणते ना." मी म्हणलो, "तू बस."

विहिरीवर बायांनी मला बघून हसायचं ते हसून घेतलं. मी पोहरा टाकला, शेंदलं. काठावरचा दगड ओला होता. मी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. पंच्याची चुंबळ केली, घागर डोक्यावर घेतली. खांद्यावर घेतली असती तर सोपं गेलं असतं. पण भिंतीवरच्या पोरीची डोक्यावर होती.

सकाळची शाळा सुटली होती. गुरुजी लिंबाखाली एकटे बसले होते. मी घागर उतरवली, गिलास भरला, पुढं केला. ते माझ्या भिजलेल्या सदऱ्याकडं बघत राहिले. मग सवयीनं तोंडातून आलंच. "आलं कुठून?"

मी उभ्या उभ्या धडा म्हणल्यासारखा सांगितला. "समुद्रातून वर गेलं. ढग झाला. आपल्याकडं पडलं न्हाई, दुसरीकडं पडलं. तिथून तळ्यात, तळ्यातून टँकरात, टँकरवाल्यानं विहिरीत ओतलं. मी शेंदलं. चुंबळ मला बांधता येत न्हाई, म्हणून अर्धी घागर अंगावर सांडली. दगड ओला होता. पाय घसरला न्हाई. आणणाऱ्याचं वय सत्तरच्या वर."

गुरुजींनी गिलास घेतला. एका दमात प्यायले. मी दुसरा भरला, तोही प्यायले.

"बराबर," ते म्हणले.

मी पुढचा शब्द ऐकायला थांबलो. तो आला नाही.

"अर्ज मी दिला," मी सांगितलं.

"माहीत आहे. कचेरीतून मोबाइलवर फोटो आल्ता, खुलासा द्या म्हणून. वाचला." त्यांनी गिलास पालथा घातला. "बराबर आहे, अध्यक्ष. पण अर्धा."

मी दुसऱ्या दिवशी परत परतूरला गेलो. अर्ज मागं घ्यायचा म्हणून नवा अर्ज लिहून नेला. खिडकीतला पोरगा म्हणला, "बाबा, तो वर गेला." मी म्हणलो, "वर गेलेलं खाली येतं. आमच्या शाळेत शिकवतात." त्यानं खिडकीतून माझ्याकडं बघितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मे महिन्यात बदली आली. बदनापूरच्या अंगाला कुठंतरी. जायच्या आदल्या दिवशी गुरुजींनी साक्षीला बोलावलं. शाळा तिची सुटली होती, ती पाचवीला आष्टीला जाणार होती. तिला म्हणले, "तुझे हात चांगले आहेत बेटा. चूक माझ्या हातांची होती." पोरीला काही कळलं नाही. मी तिथंच उभा होतो. रंगाचे डबे त्यांनी ट्रंकेत घातले नाहीत. माझ्या गोठ्याच्या दारात ठेवले, वर ब्रश आणि लिंबाची छडी. नीट घडी करून एक फडकंही.

नवे सर तरुण आहेत, जालन्याहून येऊन जातात, चांगलं शिकवतात. गणिताच्या तासाला गणितच शिकवतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिसरीतल्या एका पोरीला माठ भरायला धाडलं. मी विहिरीच्या काठावर छडी घेऊन बसलेलो होतो. पोरीला माघारी धाडलं आणि माठ स्वतः भरून नेऊन दिला. सर म्हणले, "आजोबा, तुम्ही कशाला?" मी म्हणलो, "मी अध्यक्ष आहे." साक्षी आष्टीच्या शाळेत गेल्यावर मी अध्यक्ष राहिलेलो नाही, पण ते त्यांना अजून माहीत नव्हतं.

आता टँकरच्या वेळेला मीच विहिरीवर असतो. बाया हसतात. हसू द्या.

जून आला तेव्हा मी डबे उघडले. पहिल्या वर्षी पोरगी चार बोटं वाढवली. साक्षीनं खालून सांगितलं, आबा, मान वाकडी झाली. केली सरळ. गुरुजींना फोन लावून सांगितलं, रंगवली. ते म्हणले, "बरं." मागून एका पोराचा आवाज येत होता, गोधडी किती किलो भरली ते सांगत होता.

असे काही जून गेले. यंदा ब्रश हातात घेतला आणि अडलो. पोरगी आता पोरगी राहिली नाही, बाई दिसायला लागली. साडी नेसवायची का काय, कळेना. फोन लावला.

"गुरुजी, यंदा तिचं काय करू?"

तिकडं दार ओढल्याचा आवाज आला, पोरांचा गलका बंद झाला.

"यंदा ती शिकून मोकळी झाली असती," ते म्हणले. "आता घागर उतरवा, अध्यक्ष. लई वर्षं झाली. मान दुखत असंल तिची."

मी शिडीवर चढलो आणि घागर पुसली. तिच्या जागी निळं आभाळ भरलं. डबा जुना, रंग थोडा गडद पडला. बारकाईनं बघितलं तर तिथं घागर होती हे कळतं. घागरीला धरलेला हात तेवढा राहिला. मला हात काढता येत नाहीत, आणि असलेला पुसायचं मन झालं नाही. तो तसाच वर आहे.

परवा पहिलीतलं एक पोरगं ओट्यावर बसून भिंतीकडं बघून राह्यलं होतं. सर आत गणित शिकवून राह्यले होते, कोणाला येतं, कोणाला येतं, असं विचारत होते. कोणालाच येत नव्हतं.

पोरगं दारात जाऊन म्हणलं, "सर, त्या ताईला विचारा ना. तिनं कवाचा हात वर केलाय."